उबदार हवेतल्या ट्रेकसाठी स्त्रियांची हलकी डाऊन स्लीपिंग बॅग: काय बघायचं, काय सोडून द्यायचं

हवा गरम असताना डाऊनची, म्हणजे पाणपक्ष्यांच्या मऊ पिसांनी भरलेली, स्लीपिंग बॅग हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण डोंगरातली रात्र दिवसासारखी नसते. दुपारी घामाच्या धारा लागतात आणि पहाटे तंबूत अंगाची जुडी होते. त्या दोन-तीन तासांसाठी काहीतरी पांघरूण लागतंच. पाठीवर वाहायचं पांघरूण असेल तर वजनाच्या मानाने डाऊनइतकी ऊब दुसरं काही देत नाही. उन्हाळी डाऊन बॅग साधारण साडेचारशे ते आठशे ग्रॅममध्ये मिळते आणि दाबली की सॅकच्या तळाशी एका कोपऱ्यात बसते.

मात्र ही खरेदी थंडीच्या बॅगेसारखी करायची नसते. थंडीची बॅग घेताना आपण एवढंच विचारतो की ती किती उबदार आहे. उबदार हवेत विचारायचं असतं की नको असलेली ऊब किती सहज काढून टाकता येते. रात्री दहाला जी बॅग अंगावर नकोशी होते, तीच पहाटे चारला गळ्यापर्यंत ओढावीशी वाटते. एकाच रात्रीत या दोन्ही गोष्टी जमवणारी बॅग ती चांगली उन्हाळी बॅग. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर लावल्या आहेत. त्यामुळे काही ठिकाणी नेहमीच्या सल्ल्याच्या उलट मत दिसेल.

पायरी १: आधी रात्रीचं तापमान काढा, मग बॅग बघा

दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी एक आकडा हातात हवा. तुम्ही जिथे मुक्काम कराल तिथे रात्री पारा कितीपर्यंत उतरतो? हवामानाचा अंदाज बहुतेक वेळा पायथ्याच्या गावाचा असतो, तुमच्या तंबूच्या जागेचा नाही. उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं. समजा, पायथ्याचं ठिकाण ४०० मीटरवर आहे आणि तिथलं रात्रीचं किमान तापमान २२ अंश आहे. मुक्काम १,९०० मीटरवर असेल तर १,५०० मीटरच्या फरकाने जवळजवळ १० अंश कमी होतात. म्हणजे तिथे १२ अंशांची तयारी हवी.

यात दोन गोष्टी मिळवा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन रात्रीत झपाट्याने थंड होते, आणि थंड हवा जड असल्याने उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. ओढ्याकाठची सपाट जागा दिसायला छान, पण थोड्या वरच्या टेकाडापेक्षा तिथे पहाटे कित्येकदा चार-पाच अंश कमी असतात. दुसरी गोष्ट तुमची स्वतःची. घरात सगळे पातळ चादरीत झोपलेले असताना तुम्हाला रजई लागत असेल तर हिशेबातून आणखी तीन-चार अंश वजा करा. दिवसभर चालून दमलेलं आणि पोटात पुरेसं अन्न न गेलेलं शरीर रात्री कमी उष्णता तयार करतं, हेही लक्षात असू द्या.

या हिशेबानंतर आकडा १८-२० अंशांच्या वर आला तर सरळ सांगते, डाऊन बॅग घेऊ नका. रेशमी लायनर, म्हणजे आत शिरून झोपायची पातळ पिशवी, आणि एक पातळ पांघरूण पुरतं. आकडा ५ ते १५ च्या दरम्यान असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ५ च्या खाली उतरत असेल तर तुम्हाला उन्हाळी नव्हे, तीन ऋतूंची बॅग हवी. उन्हाळी बॅगेत कपड्यांचे थर चढवून तिथे वेळ मारून नेता येईल, पण झोप लागणार नाही.

पायरी २: बॅगेवरचे आकडे नीट वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बॅगेच्या नावात ३०, ४०, ५० असे आकडे असतात. ते बहुतेक वेळा फॅरनहाइटमधले असतात. ४० फॅरनहाइट म्हणजे साडेचार अंश सेल्सिअसच्या आत-बाहेर, ५० म्हणजे १० अंश आणि ३० म्हणजे शून्याच्याही एक अंश खाली. नावातला आकडा मोठा तितकी बॅग पातळ.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो आकडा नेमका कशाचा आहे. स्लीपिंग बॅगेच्या तापमानाची एक प्रमाणित चाचणी आहे. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ हे मानक आलं आणि पुढे २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. या चाचणीत तापवलेला, संवेदक बसवलेला पुतळा अंगभर पातळ कपडे घालून, खाली मॅट ठेवून बॅगेत झोपवतात आणि उष्णता किती निसटते ते मोजतात. त्यावरून काही आकडे निघतात. त्यातले तीन तुमच्या कामाचे.

‘कम्फर्ट’ हा आकडा एका ‘प्रमाण स्त्री’वर बेतलेला आहे. तिचं वय २५ वर्षं, उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ६० किलो धरलं आहे. ती सैल, आरामात पडलेली असताना तिला थंडी वाजू नये, असं हे तापमान. ‘लिमिट’ हा आकडा ‘प्रमाण पुरुषा’चा. त्याची उंची १७३ सेंटीमीटर, वजन ७३ किलो, आणि तो पाय पोटाशी घेऊन झोपलेला असताना जेमतेम थंडी वाजत नाही ते हे तापमान. ‘एक्स्ट्रीम’ हा पुन्हा स्त्रीचा आकडा, पण तो झोपेचा नाहीच. सहा तास कुडकुडत का होईना जीव वाचेल, एवढीच त्याची हमी. खरेदीच्या वेळी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

उन्हाळी बॅगांमध्ये कम्फर्ट आणि लिमिट यांत साधारण चार-पाच अंशांचा फरक असतो. आता गंमत बघा. पुरुषांच्या किंवा सर्वांसाठीच्या मॉडेलच्या नावात बऱ्याच कंपन्या लिमिटचा आकडा घालतात आणि स्त्रियांच्या मॉडेलच्या नावात कम्फर्टचा. त्यामुळे ‘५ अंश’ असं लिहिलेल्या दोन बॅगा शेजारी ठेवल्या तरी त्या सारख्या उबदार नसतात. नावावर जाऊ नका. आतलं लेबल किंवा माहितीचा तक्ता शोधा आणि ‘कम्फर्ट’ असा शब्द जिथे छापला आहे तोच आकडा धरा. तो आकडा तुम्ही पायरी १ मध्ये काढलेल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली असला की पुरे. ‘असू दे, जास्त उबदार घेतली तर बरं’ असं म्हणून दहा अंशांची सूट ठेवली तर जास्तीचं वजन वाहायचं, जास्तीचे पैसे द्यायचे आणि मध्यरात्री घामाने जागं व्हायचं, असा तिहेरी तोटा होतो.

ज्या बॅगेवर कुठल्याही मानकाचा उल्लेख नाही, नुसतं तापमान छापलंय, तिच्या बाबतीत तो कंपनीचा स्वतःचा अंदाज समजा. काही छोटे कारागीर अंदाज अतिशय प्रामाणिकपणे देतात, काही जण ठोकून देतात. अशा वेळी पायरी ४ मधला हिशेब उपयोगी पडतो.

पायरी ३: ‘स्त्रियांची’ म्हणजे नेमकं काय, आणि तुम्हाला ती हवी का

रंग बदलून स्त्रियांची म्हणून विकलेल्या बॅगाही बाजारात आहेत, तेव्हा आधी फरक कशात असतो ते पाहू. खरोखर विचार करून बनवलेल्या स्त्रियांच्या बॅगेची लांबी कमी असते. नेहमीचं माप साधारण १६८ सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या व्यक्तीसाठी असतं. खांद्यांपाशी ती थोडी अरुंद आणि कमरेपाशी थोडी रुंद असते. पायांच्या कप्प्यात आणि कधी छाती-पोटावरही डाऊन जास्त भरलेलं असतं.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. स्नायू सरासरीने कमी असल्यामुळे विश्रांतीच्या वेळी स्त्रियांच्या शरीरात उष्णता थोडी कमी तयार होते आणि गारव्यात हात-पाय लवकर थंड पडतात. पण ‘सरासरी’ या शब्दाकडे लक्ष द्या. तुम्ही उंच असाल, खांदे रुंद असतील किंवा तुम्हाला मुळातच उकडत असेल, तर सर्वांसाठीची बॅग कम्फर्टचा आकडा बघून घेणं जास्त शहाणपणाचं. उलट, उंची कमी असलेल्या पुरुषालाही स्त्रियांची बॅग उत्तम बसते. लेबलाला लिंग असतं, पिसांना नसतं.

एका गोष्टीबद्दल उत्पादनाच्या माहितीत सहसा लिहिलेलं नसतं. मासिक पाळीच्या चक्रात बीज सुटल्यानंतरच्या काळात शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशांनी वर असतं. त्या दिवसांत तीच बॅग जास्त गरम वाटू शकते. रजोनिवृत्तीच्या काळात रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो आणि दहा मिनिटांनी हुडहुडी भरते. या वयातल्या मैत्रिणींनी पायांच्या कप्प्यातलं जादा डाऊन वगैरे विसरून थेट पायरी ६ वाचावी. त्यांच्या बॅगेचं भवितव्य झिपवर अवलंबून आहे.

माप बरोबर आहे की नाही, हे ऑनलाइन घेताना कसं कळणार? बॅगेच्या तक्त्यात खांदा आणि कंबर इथला घेर दिलेला असतो. स्त्रियांच्या निमुळत्या बॅगांमध्ये तो बहुतांशी १४५ ते १६० सेंटीमीटरच्या आसपास असतो. एक दोरी घ्या, तक्त्यातल्या मापाची दोन वळी करा आणि झोपताना घालाल ते कपडे घालून, मॅटवर आडवं होऊन एक खांद्यांभोवती, एक कमरेभोवती अडकवा. आता कुशीवर वळा. गुडघे दुमडा. हात हनुवटीखाली घ्या. दोरी ताणली गेली तर बॅगही तिथे ताणणार, आणि ताणलेल्या जागी डाऊन चेपलं की तिथून गार लागणार. दोरी सगळीकडून भरपूर सैल राहत असेल तर पोकळी जास्त, म्हणजे कापड आणि वजनही जास्त. थंडीच्या बॅगेत ही जादा पोकळी तापवताना त्रास होतो. उबदार हवेत मात्र थोडा सैलपणा मी आनंदाने सहन करीन, कारण अंगाला चिकटलेली बॅग गरम रात्री नको होते.

लांबीचं सोपं आहे. पाय ताणले तरी टाचा-बोटं टोकाला टेकू नयेत. उंचीवर वीत-अर्धी वीत जागा भरपूर.

पायरी ४: डाऊन किती आणि कसलं

डाऊन म्हणजे बदकांच्या आणि गूज या हंसासारख्या पक्ष्याच्या छाती-पोटावरची, ताठ कणा नसलेली मऊ पिसं. ती फुलली की त्यांच्यात हवा अडकते आणि ऊब ती अडकलेली हवाच देते. हे फुलणं मोजण्याचं माप म्हणजे फिल पॉवर. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन नळकांड्यात ठराविक वजनाखाली ठेवल्यावर किती घनइंच जागा व्यापतं, तो आकडा. ८०० फिल पॉवरचं एवढंसं डाऊन तब्बल १३ लिटर जागा भरतं.

जाहिरातीत हा आकडा ठळक असतो, आणि म्हणून लोक त्यालाच ऊब समजतात. ऊब ठरते ती फिल पॉवर आणि भरलेल्या डाऊनचं वजन या दोन्हींवरून. ९०० फिल पॉवरचं डाऊन चमचाभर भरलं तर बॅग गारच राहणार. त्यामुळे तक्त्यात ‘फिल वेट’ शोधा. ते लिहिलेलंच नसेल तर ती कंपनी काहीतरी झाकत आहे, असं मी धरून चालते.

आता दोन्हींचा गुणाकार करा. एका बॅगेत ८५० फिल पॉवरचं २८० ग्रॅम डाऊन आहे: २,३८,०००. दुसरीत ७०० फिल पॉवरचं ३४० ग्रॅम: तेही २,३८,०००. म्हणजे दोन्हींत डाऊन फुलून सारखीच जागा भरणार, आणि घेर, लांबी, शिवण सारखी असेल तर ऊबही जवळपास सारखी. फरक फक्त ६० ग्रॅमचा. हा गुणाकार काही प्रमाणित आकडा नव्हे, दोन सारख्या घडणीच्या बॅगा तोलायला मात्र फार कामाला येतो. घेर मोठा असेल तर तेवढंच डाऊन जास्त जागेत पसरून थर पातळ होतो, हे ध्यानात ठेवा.

याच हिशेबातून माझं एक मत बनलं आहे. थंडीच्या बॅगेत अर्धा-पाऊण किलो डाऊन असतं, तिथे उच्च फिल पॉवरमुळे खूप वजन वाचतं. उन्हाळी बॅगेत मुळात डाऊनच कमी, त्यामुळे वाचणारं वजनही कमी. ९००च्या पुढच्या डाऊनसाठी फुगवलेली किंमत मोजण्यापेक्षा ७५०-८५० च्या पट्ट्यात थांबावं आणि उरलेले पैसे चांगल्या मॅटमध्ये घालावेत.

बदकाचं की गूजचं, या वादात वेळ घालवू नका. फिल पॉवर सारखी असेल तर ऊब सारखीच. पिसं कुठून आली हे मात्र विचारण्यासारखं आहे. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचा आणि त्यांना बळजबरीने खाऊ घालण्याचा क्रूर प्रकार काही ठिकाणी चालत आला आहे. त्याला मनाई करणारं रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड, म्हणजे आरडीएस, २०१४ पासून आहे. लेबलवर हे प्रमाणपत्र आहे का ते बघा. जुन्या रजया-जॅकेटांतून काढून स्वच्छ केलेलं पुनर्वापराचं डाऊनही आता मिळतं.

पायरी ५: शिवण

डाऊन एका जागी गोळा होऊ नये म्हणून बॅगेत कप्पे शिवतात. त्यांना बॅफल म्हणतात. आतलं आणि बाहेरचं कापड सरळ एकत्र शिवलं की त्या रेषेवर डाऊनच उरत नाही आणि तिथून ऊब निसटते. म्हणून थंडीच्या बॅगेत दोन कापडांमध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या घालून पेटीसारखे कप्पे करतात. उन्हाळी बॅगेला सरळ शिवण चालते. हलकी असते, स्वस्त पडते, आणि १० अंशांच्या वर त्या रेषांचा गारवा फारसा जाणवत नाही. मुक्काम ५-७ अंशांपर्यंत जाणार असेल तर निदान अंगावरच्या भागात पेटीचे कप्पे असावेत.

आडवे कप्पे मधे न अडवता पूर्ण गोल फिरवलेले असतील तर एक मोठी सोय मिळते. गरम रात्री बॅग पसरून वरच्या बाजूचं डाऊन हाताने हलके थापटत पाठीखाली ढकलायचं. वरचा थर पातळ होतो. गार रात्री उलटं करायचं. तक्त्यात हे सहसा ‘कंटिन्युअस बॅफल’ म्हणून लिहितात.

पायरी ६: झिप, आकार आणि उघडण्याची सोय

वजन कमी करण्यासाठी कंपन्या पहिली कात्री झिपवर चालवतात. अर्धी झिप, पाव झिप, कधी झिपच नाही. तक्त्यात वजनाचा आकडा सुंदर दिसतो. पण उबदार हवेसाठी घेतलेली आणि उघडता न येणारी बॅग म्हणजे खिडकी नसलेली खोली. झिप आणि तिच्यामागची वारा अडवणारी डाऊनची पट्टी यांनी वजन वाढतं, हे खरं. ते वाढू द्या. उन्हाळी बॅगेत ग्रॅम खर्च करण्यासारखी हीच जागा आहे.

झिप खांद्यापासून घोट्यापर्यंत, आणि शक्यतो पायाच्या टोकालाही वळसा घालणारी असावी. तशी असली की बॅग पूर्ण उघडून गोधडीसारखी अंगावर घेता येते. ती दोन्ही टोकांकडून उघडणारी हवी, कारण पाय बाहेर काढून छाती झाकलेली ठेवणं हा गरम रात्रीवरचा सगळ्यात चांगला उपाय आहे. कापड पातळ असलं की झिपमध्ये अडकतं; झिपलगत कडक पट्टी किंवा सरकत्या तोंडाला कापड दूर ठेवणारा आकार असेल तर हा वैताग टळतो. डावी की उजवी, हे सवयीवर आहे. उजव्या हाताने सगळं करणाऱ्यांना डाव्या बाजूची झिप बहुधा सोयीची पडते, कारण अंगावरून हात नेऊन ती ओढता येते. दोघांच्या बॅगा जोडून झोपायचं असेल तर एक डावी, एक उजवी आणि दोन्हींची झिप एकाच जातीची हवी.

आकारात तीन पर्याय. खांद्याकडून पायाकडे निमुळती होत जाणारी ममी बॅग सगळ्यात हलकी, पण हालचालीला तंग. थोडी सैल, चमच्याच्या किंवा पिंपाच्या आकाराची बॅग कुशीवर झोपणाऱ्यांना मानवते. पाय पोटाशी घेता येतात. तिसरी क्विल्ट. तिला पाठ नसते, बहुतेकींना हूड नसतं, आणि कडेच्या पट्ट्यांनी ती मॅटला अडकवतात. अंगाखाली दबलेलं डाऊन तसंही ऊब देत नाही, मग ते वाहायचं कशाला, असा क्विल्टमागचा विचार आहे. रात्रभर कूस बदलणाऱ्या आणि सारखं उकडणाऱ्या स्त्रियांनी क्विल्टचा गंभीरपणे विचार करावा. तिच्यात दोन अडचणी आहेत. कूस बदलताना कडेने वारा शिरतो, त्यामुळे रुंदी कमी असलेली क्विल्ट घेऊ नये. आणि बऱ्याच क्विल्टवरचं तापमान प्रमाणित चाचणीचं नसतं, म्हणून पायरी ४ चा गुणाकार करूनच ठरवावं.

हूडबद्दल थोडक्यात: ८-१० अंशांच्या वर त्याची गरज नाही. लोकरीची टोपी तेच काम करते आणि सकाळी चालतानाही वापरता येते. मात्र गळ्यापाशी आवळायची दोरी असावी, ती एका हाताने सैल करता यावी आणि तिचं टोक चेहऱ्यावर लोंबू नये.

पायरी ७: कापड आणि ओल

कापडाची जाडी डेनियरमध्ये मोजतात. १० डेनियरचं नायलॉन तळहाताला जाणवतही नाही इतकं तलम असतं, पण अंगठीचा खडा किंवा खुल्या जागेतला काटा त्याला पुरतो. १५ ते २० डेनियर हा मला समतोल वाटतो. आतलं कापड उघड्या त्वचेला चिकटतं का, हे शक्य असेल तर दुकानातच हात घालून बघा. गरम रात्री बाह्या-पाय उघडे असतात, तेव्हा हा मुद्दा क्षुल्लक राहत नाही. आतून गडद रंग असला तर उलटी करून उन्हात टाकल्यावर बॅग लवकर सुकते.

बाहेरून पाण्याचे थेंब ओघळून जावेत म्हणून लेप दिलेला असतो. अलीकडे बऱ्याच कंपन्यांनी त्यातून पीएफएएस ही न विघटणारी रसायनं काढून टाकली आहेत. लेप कुठलाही असो, तो दवापुरता, पावसाला नाही.

भिजलेलं डाऊन गोळा होतं आणि जवळजवळ निरुपयोगी ठरतं. ‘हायड्रोफोबिक’ म्हणजे पाणी झिडकारणारी प्रक्रिया केलेलं डाऊन ओल उशिरा धरतं आणि लवकर सुकतं, एवढाच त्याचा अर्थ. उबदार हवेत खरा शत्रू पाऊस नसून घाम आणि दमट हवा. रात्रीमागून रात्री वाफ आत मुरते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बॅग चपटी दिसू लागते. सकाळी उठल्याबरोबर ती सॅकमध्ये कोंबू नका. चहा होईपर्यंत उलटी करून वाऱ्यावर टाका, दुपारच्या विश्रांतीत पुन्हा दहा-पंधरा मिनिटं ऊन दाखवा. सॅकमध्ये ती जलरोधक पिशवीतच ठेवा.

आणि जिथे दिवसेंदिवस पाऊस, धुकं, ऊन नाही, अशा ट्रेकला जात असाल तर डाऊनचा हट्ट सोडा. कृत्रिम धाग्याची बॅग दोन-तीनशे ग्रॅम जड पडेल, पण ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवेल.

पायरी ८: मॅटशिवाय हिशेब अपुरा

चाचणीतला पुतळा उष्णता अडवणाऱ्या मॅटवर झोपलेला असतो. तुम्ही पातळ चटईवर झोपलात तर बॅगेवरचा आकडा तुम्हाला लागू होत नाही. मॅटची उष्णता अडवण्याची क्षमता आर-व्हॅल्यूने सांगतात. तिचीही २०१८ पासून एएसटीएम एफ३३४० अशी प्रमाणित पद्धत आहे, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येते. रात्री १० अंशांच्या वर असेल तर दीड-दोनची मॅट चालते. ५ अंशांच्या आसपास जायचं तर अडीच-तीनकडे जा, विशेषतः कंबर आणि मांड्या लवकर गार पडत असतील तर. एकावर एक दोन मॅट घातल्या की आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. ‘बॅग गार आहे’ अशा तक्रारींत पुष्कळदा बॅग निर्दोष असते आणि ऊब जमिनीने खाल्लेली असते.

रेशमी लायनर १२०-१५० ग्रॅमचा असतो. त्याने किती अंश वाढतात याचे दावे फुगवलेले असतात. मी तो घ्यायला सांगते ते दुसऱ्या कारणासाठी. घाम, सनस्क्रीन आणि अंगाचं तेल बॅगेत न जाता त्याच्यावर राहतं, आणि खूप गरम रात्री नुसता तोच पुरतो.

पायरी ९: घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

बॅग पिशवीतून काढून झटका आणि दोन-तीन तास फुलू द्या. मग पिशवीशिवाय वजन करा. तक्त्यातलं वजन बहुधा पिशवी सोडून असतं आणि थोडाफार फरक पडतोच. खिडकीसमोर धरून प्रत्येक कप्पा उजेडात बघा. एखादा कप्पा रिकामा दिसला तर आधी थापटून डाऊन सारखं करून बघा, तरी भरला नाही तर बॅग परत करा. शिवणीतून एखाद-दुसरं पीस बाहेर डोकावणं नेहमीचंच. ते ओढून काढू नका, भोक मोठं होतं. कापडाच्या मागच्या बाजूने चिमटीत धरून आत ओढून घ्या.

मग दिवा घालवून, आपल्या मॅटवर, आपल्या झोपायच्या कपड्यांत अर्धा तास आत पडा. आतून एका हाताने झिप पायापर्यंत उघडता येते का? परत लावता येते का? कूस बदलली की बॅग सोबत वळते की झिप पाठीखाली येते? गुडघे वर घेतल्यावर कापड ताणतं का? मध्यरात्री लघवीला उठावं लागेल तेव्हा यातून बाहेर पडायला किती खटाटोप होईल, तेही आत्ताच करून बघा. शेवटी बॅग सॅकमध्ये भरा. सोबत आलेली आवळपिशवी अनेकदा गरजेपेक्षा लहान असते. थोडी मोठी, सैल पिशवी घेतली तर बॅग सॅकमधल्या फटींत नीट बसते आणि डाऊनवरही कमी ताण येतो.

घरी ठेवताना ती कधीही दाबून ठेवू नका. मोठ्या सुती किंवा जाळीच्या पिशवीत, नाहीतर कपाटात टांगून ठेवा. धुणं शक्य तितकं लांबवा, पण चपटी आणि तेलकट झाली की टाळूही नका. डाऊनसाठीचा साबण, समोरून उघडणारं मशीन, सौम्य फेरा. कपडे मऊ करणारं द्रावण आणि ड्राय क्लीनिंग दोन्ही वर्ज्य. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर पाण्याच्या भाराने आतल्या पट्ट्या फाटतात, म्हणून खालून दोन्ही हातांनी गोळा करून उचला. मोठ्या ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून ती वाळवा. याला काही तास लागतात. बाहेरून कोरडी लागली तरी चिमटीत गोळे हाताला लागत असतील तर आत ओल आहे. तशीच ठेवली तर कुबट वास धरेल. गोळे पूर्ण सुटेपर्यंत फिरवत राहा.